लाल ठिगळाचं शीड

चोरीच्या पंचनाम्यावर मी पंच म्हणून चोराचीच सही घेतली. शाई सरकारी, टाक माझा. नोकरीतलं बरंच काही विसरलो, ही घटना मात्र विसरू म्हटलं तरी विसरत नाही.

तीसच्या दशकातली गोष्ट. श्रीवर्धनकडच्या किनाऱ्यावर मी नवा फौजदार होतो. मिशी भरघोस, अक्कल बेताची. तिथल्या एका कोळीवाड्यात जमातीने नवरा-बायकोची फारकत केली होती. होडी नवऱ्याला. घराची पुढची खोली त्याला, चुलीची मागली खोली बाईला. होडीचं शीड पावसाळाभर चुलीवरच्या माळ्यावरच कोरडं राहतं, म्हणून ते बाईकडे ठेवलं. नारळी पौर्णिमेला तिने ते परत द्यायचं. न दिल्यास मागली खोलीही नवऱ्याची. बाईचं माहेर उरलं नव्हतं. खोली गेली तर ती उघड्यावर.

पौर्णिमेला दोन दिवस होते. सकाळी ठाणं उघडताच नवऱ्याचा थोरला भाऊ आला.

"सायेब, बाईनं शीड बोर्लीच्या बाजारात विकलं."

मी रोजनाम्यात खबर नोंदवली आणि तडक निघालो. माळा रिकामा! बाई सांगत होती, काल ती सुकट विकायला गेली असताना कुणीतरी कडी काढून शीड नेलं. मी ऐकलंच नाही. पंच त्रयस्थ असावा हे मला पाठ होतं. पण वाड्यात सही येणारा हा थोरला भाऊ एकटाच. बसवला त्यालाच. दुसऱ्या पंचाने अंगठा दिला. शिडाचं वर्णन भावाने सांगितलं, मी झरझर उतरवलं.

दुसऱ्या दिवशी बाईला ठाण्यात आणलं. कुणाला विकलंस? पैसे कुठे आहेत? दुपारपर्यंत तेच. कोठडीचं दार मी मुद्दाम उघडं ठेवलं होतं. ती एकच म्हणे, विकलंच नाही. उद्या पौर्णिमा. शेवटी शीड विकल्याचा जबाब मीच लिहिला, तिचा अंगठा शाईत बुडवला आणि आणखी दरारा बसावा म्हणून पंचनामा मोठ्याने वाचू लागलो.

"शीड एक, सुती, वापरलेले, खालच्या कोपऱ्यास लाल कापडाचे ठिगळ..."

तिने हात मागे ओढला.

"ठिगळ कोनी सांगितलं?"

"तुझ्या थोरल्या दिराने. का?"

"तीन दिसांमागं सांजंला उंदरानं पाडलेलं भोक दिसलं, तवा माज्या लुगड्याचं ठिगळ लावलं. दुसऱ्या दिशी शीड गेलं. फारकतीपासून त्या घरातलं कोन माज्या चुलीपाशी फिरकलं न्हाय. मंग त्यांना ठिगळ दिसलं कवा?"

मी कागदाकडे पाहिलं. अक्षर माझं, सही त्याची.

तासाभरात त्याच्या घराची झडती घेतली. जुन्या जाळ्यांखाली शीड निघालं, लाल ठिगळ वरच.

तो म्हणाला, "घराचे दोन तुकडं व्हायला नकोत म्हनून केलं, सायेब."

पौर्णिमेला बाईने जमातीसमोर शीड नवऱ्याच्या पुढ्यात टाकलं आणि मागल्या खोलीला नवं कुलूप लावलं.

खबर देणाऱ्याला 'तुला हे कसं कळलं?' असं आधी विचारायचं, हे मी तेव्हापासून नोकरीभर पाळलं. त्या दिवशी मात्र तिच्या दारात जाऊन "चुकलं माझं" एवढंच म्हणालो. कुलूप ओढून बघत ती म्हणाली,

"चोर तर तुमीच लिवून ठिवला होता, सायेब. तुमाला लिवता येतंय, वाचता येत न्हाय."