औदुंबराला हिंग

शेजारच्या भावजींना मी माफ केलेलं नाही आणि करायचा विचारही नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण मी रोज पहाटे ध्यानाला बसते हे कळलं की लोकांची समजूत होते, या बाईच्या मनात आता राग उरला नसेल. उरलाय. चांगला भरपूर उरलाय.

आमची वसाहत रंकाळ्याच्या बाजूची, जुनी. भावजींचं फाटक आणि माझं फाटक यांच्या मधे, रस्त्याच्या कडेला, एक मोठा औदुंबर होता. तो त्यांचाही नव्हता आणि माझाही नव्हता. माझ्या खिडकीतून मात्र त्याचं सगळं अंग दिसायचं. खोडाला बिलगून लागलेली लालसर उंबरं दिसायची आणि ती खायला येणारे पक्षी दिसायचे.

नवरा गेला आणि घर एकदम गप्प झालं. बेंगळुरूला असलेल्या माझ्या मुलीनं हट्ट करून मला पन्हाळ्यावरच्या एका ध्यान शिबिरात पाठवलं. तिथल्या गुरुजींनी सांगितलं, "विचार येतील, येऊ द्या. आपोआप जातील." माझे विचार आले ते मुक्कामालाच राहिले. शिबिरभर मी डोळे मिटून कमरेच्या कळा मोजल्या आणि घरी परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन सहज खिडकीत बसले, तर औदुंबरावर तांबट बसला होता. हिरवा, कपाळावर लाल टिकली असलेला एवढासा पक्षी. तांबट आळीत कोणीतरी भांड्याला ठोके द्यावेत तसा तो टुक टुक करत होता, एका लयीत, न थकता. मी ऐकत राहिले. चहा गार झाला. त्या सगळ्या वेळात मला नवऱ्याचं दवाखान्यातलं तोंड एकदाही आठवलं नव्हतं, हे नंतर लक्षात आलं.

तेव्हापासून तीच माझी बैठक झाली. मंत्र नाही, माळ नाही. खिडकी, झाड आणि तो ठोका. रात्रीची झोपसुद्धा परत आली.

मग भावजींनी गाडी घेतली. कागलकडच्या एका कारखान्यात त्यांना बढती मिळाली होती, त्या आनंदात पांढरी शुभ्र गाडी आली. आता औदुंबराखाली पांढरी गाडी लावल्यावर काय होणार? टपावर उंबरं फुटायची, वटवाघळं येऊन घाण करायची. भावजी रोज सकाळी बादली घेऊन गाडी घासायचे आणि झाडाकडं बघून पुटपुटायचे.

"वैनी, ह्या झाडाचं कायतरी कराय पायजे."

"झाडाचं कशाला? गाडी तिकडं लावा की."

एकदा त्यांनी झाडं तोडणाऱ्या एका माणसालाही बोलावलं. मी खिडकीतच होते. त्या माणसानं वर बघितलं, हात जोडले आणि मागं सरकला. "औदुंबर हाय पावणं ह्यो. दत्ताची जागा. आम्ही न्हाय कुऱ्हाड लावत. दुसरा कोण भेटला तर बघा." भावजींचं तोंड पडलं. मी त्या दिवशी शिरा केला.

त्यानंतर थोड्याच दिवसांत, दिवेलागणीला, मी एक दृश्य बघितलं. भावजी ताट घेऊन झाडापाशी आले. त्यांनी खोडाला हळद-कुंकू लावलं, नारळ ठेवला, डोळे मिटले, ओठ हलवले आणि शेवटी स्वतःचे कान धरले. बाईमाणूस मी, मला भरून आलं. म्हटलं, बघा, देवानं या माणसालाही बुद्धी दिली. मी लगबगीनं पेढा घेऊन बाहेर गेले.

"आज गुरुवार न्हाय, तरी पूजा केलीसा भावजी?"

"असंच वैनी. मनात आलं."

मी तो पेढा त्यांच्या हातावर ठेवला आणि त्यांनी तो माझ्यासमोर खाल्ला. हा पेढा मी जन्मात विसरणार नाही.

आमच्याकडं मोठं झाड पाडायचं असलं की आदल्या दिवशी त्याला नारळ देतात, क्षमा मागतात आणि झाडावर जो कोणी राहत असेल त्याला 'दुसरीकडं जा बाबा' म्हणून विनवतात. माझ्या वडिलांनी शेतातला आंबा काढताना हे केलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. मला ठाऊक होतं. तरी समोर तेच घडत असताना मला ते दिसलं नाही. शिबिरात सांगितलं होतं, मन स्वच्छ झालं की जग स्वच्छ दिसतं. माझं मन त्या संध्याकाळी इतकं स्वच्छ होतं की समोरचा खुनी मला भक्त दिसला.

पुढं दोन-चार दिवस पहाटे खिडकीत बसलं की हिंगाचा वास यायचा. मला वाटायचं, शेजारी आमटीला फोडणी पडली. त्यांच्या बायकोच्या हाताला चव आहे, तेव्हा मला चक्क भूक लागायची. पहाटे अंधारात कोण आमटी करतं, हा प्रश्न माझ्या स्वच्छ मनाला पडला नाही.

मग पानं पिवळी पडली. औदुंबराची पानं गळतातच, म्हणून मी गप्प. गळली ती परत आलीच नाहीत. उंबरं हिरवी असतानाच सुरकुतली. तांबट एक दिवस आला, थोडा वेळ वाळक्या फांदीवर बसला, एकही ठोका न देता उडून गेला आणि पुन्हा आला नाही.

दत्तजयंतीला मी खोडापाशी पणती ठेवायला गेले, तेव्हा मागच्या अंगाला, त्यांच्या फाटकाच्या बाजूला, सालीत चिखलाचं बूच दिसलं. बोटानं नीट गुळगुळीत केलेलं. मी अंबाड्यातला आकडा काढून ते उकरलं. आत ड्रिलनं पाडलेलं खोल भोक होतं आणि त्यातून तपकिरी खडे बाहेर आले. वास घ्यायला ते नाकापाशी न्यावेही लागले नाहीत. खोडात हिंग भरला की झाड उभ्या उभ्या वाळतं, असं जुनी माणसं सांगतात. हिंगाबरोबर आणखी काय ओतलं असेल ते त्याचं त्यालाच माहीत. कुऱ्हाड लावली नाही, म्हणजे दत्ताचा अपराध झाला नाही, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली असणार. आणि वरून माझा पेढा.

इथून पुढं मी त्याला 'तो' म्हणणार आहे.

माझा स्वभाव बघता मी तेव्हाच त्याच्या दारात जाऊन गल्ली गोळा करायला हवी होती. शिव्या मला येतात. पण हिंग कोणाच्या घरात नसतो? तो नाही म्हणाला असता, चार माणसांनी मलाच समजावलं असतं आणि संध्याकाळपर्यंत सगळं थंड झालं असतं. मला इतक्या लवकर थंड व्हायचं नव्हतं. ते खडे मी कुंकवाच्या जुन्या करंड्यात ठेवले आणि घरात आले.

बैठक मात्र मोडली नाही. रोज पहाटे बसायची. डोळे मिटले की तो समोर यायचा. त्याचं खाकरणं, चपला फरफटवत चालणं, गाडी पुसताना शीळ घालणं. जे मन श्वासावर कधी टिकलं नाही ते त्याच्यावर तासभर हलायचं नाही. गुरुजी ज्याला एकाग्रता म्हणायचे ती मला अशी लाभली. खोटं कशाला बोलू, त्या बैठकीतून उठताना मला तरतरी यायची.

उन्हाळ्यात तो स्वतःच म्हणाला, "वाळलं की वैनी बिचारं. आता पडंल कुणाच्यातरी डोस्क्यात. अर्ज दिलाय मी." बिचारं म्हणाला.

महापालिकेची माणसं आली, फांद्या उतरवल्या. खोडाला मशीन लागणार तेवढ्यात मी न्हालेल्या ओल्या केसांनी, हातात निरांजन घेऊन बाहेर आले. "थांबा," म्हटलं. "पहाटे स्वप्नात दत्तमहाराज आले हुते. म्हणाले, वाळलो तरी हितंच हाय." मी साफ खोटं बोलले. बोलताना आवाज थरथरला तो रागानं, पण बायकांना तो भक्तीनं थरथरला असं वाटलं. सगळ्यांत आधी चपला काढून पुढं आली ती त्याचीच बायको. मशीनवाल्यानं मशीन बंद केलं आणि टोपी काढली. तो फाटकात उभा होता. काय बोलणार? झाड मीच मारलंय, तिथं देव नाही, म्हणणार?

पुरुषभर उंचीचं खोड राहिलं. भोवती सिमेंटचा कट्टा झाला, नरसोबाच्या वाडीहून दत्ताचा फोटो आला, दर गुरुवारी आरती सुरू झाली. कट्ट्यामुळं गाडीची जागाच गेली. तो ती लांब, तळ्याच्या बाजूच्या मोठ्या झाडांखाली लावायला लागला. तिथं बगळ्यांची वस्ती आहे. सकाळी तो बादली घेऊन तेवढं लांब चालत जायचा, ते मी खिडकीतून बघायची आणि माझा चहा फार गोड लागायचा.

गुरुवारी प्रसाद वाटायचं काम मी स्वतःकडं घेतलं. त्याची पाळी आली की मी पेढाच द्यायची, आणि हात सोडायच्या आधी त्याच्या डोळ्यांत बघायची. सुरुवातीला त्याची नजर वर यायची नाही. पेढा तोंडात फिरायचा, गिळायचा नाही. त्या एका क्षणासाठी मी आठवडा काढायची.

आणि मग त्यानं माझा सूडसुद्धा चोरला.

कसं ते सांगते. तो आरतीच्या आधी यायला लागला. मग रोज. कट्ट्यावर खोडाला पाठ लावून, डोळे मिटून बसायचा. आधी मला वाटलं, भीतीनं बसतोय, बसू दे. पण त्याचं तोंड बदलत गेलं. कपाळावरच्या आठ्या गेल्या, खाकरणं थांबलं. बायको सांगायला लागली की आता ते घरात ओरडत नाहीत. गल्लीतले लोक त्याच्याकडं बोट दाखवून म्हणायला लागले, बघा, साधना अशी असती. एका गुरुवारी पेढा घेताना त्यानं माझ्या डोळ्यांत सरळ बघितलं. त्याचे डोळे भरलेले होते. "वैनी, तुमच्यामुळं गावलं हे. हितं बसलं की डोस्कं कसं गप्प हुतंय."

माझ्या अंगाचा भडका उडाला. ते गप्प होणं माझं होतं. ते मला नवऱ्याच्या मागं कसंबसं मिळालं होतं, ते यानं भोक पाडून मारलं, आणि आता त्याच्याच प्रेताला टेकून हा ते भोगत होता. स्वप्न खोटं आहे हे मला ठाऊक होतं, म्हणून मला त्या खोडात लाकूडच दिसायचं. त्याला ते खरं वाटलं होतं, म्हणून त्याला दत्त भेटला. सगळा खेळ मनाचाच असेल, तर माझ्या मनानं माझी फसवणूक करावी आणि त्याच्या मनानं त्याला तारावं, हा कुठला न्याय? मी तो मान्य केला नाही.

पुढच्या दत्तजयंतीला कट्ट्यापाशीच महाप्रसाद ठरला. आमटीचं मी मागून घेतलं. रस्त्यावरच शेगडी मांडली, मोठं पातेलं ठेवलं. तो कट्ट्यावर नेहमीसारखा डोळे मिटून बसला होता, गळ्यात झेंडूची माळ. वारा माझ्याकडून त्याच्याकडं वाहत होता. तेल तापलं, मोहरी तडतडली, मग मी हिंगाची आख्खी डबी तेलात उपडी केली.

वास उठला. बायका खोकल्या. त्याच्या नाकपुड्या हलल्या. मग डोळे उघडले. त्यानं पातेल्याकडं बघितलं नाही. त्यानं आधी वळून खोडाच्या मागच्या अंगाला बघितलं, जिथं ते बूच होतं तिथंच, आणि मग माझ्याकडं.

"हिंग लई झाला वैनी," तो म्हणाला.

"व्हय भावजी. झाडाला सोसला न्हाय. तुम्हाला सोसतोय का बघू."

बायका खळाळून हसल्या. त्यांना ती चेष्टा वाटली. तो उठला, माळ काढून ठेवली, चपला न घालताच घरात गेला आणि जेवायला आला नाही. मी पंगतीत वाढत राहिले. लोकांनी आमटीला नावं ठेवली, पण मला त्याचं काही नव्हतं.

तो आता कट्ट्यावर येत नाही. परवा त्याची बायको कुंपणाशी येऊन म्हणाली, "अक्का, ह्यांना हिंगाचा वासच सोसंना झालाय बघा. आमटीचं ताट ढकलत्यात. झोप न्हाय, काय न्हाय."

"पोटाचं असंल कायतरी," मी म्हटलं. "दाखवा डॉक्टरला." मला वाईट वाटलं का? तिचं वाटलं. त्याचं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी खिडकी सोडून कट्ट्यावर गेले. म्हटलं, जागा रिकामी झालीय, ती माझीच होती. तो बसायचा तिथंच बसले, तशीच खोडाला पाठ लावली आणि डोळे मिटले. रोजच्या सवयीनं तो समोर येईल म्हणून वाट बघितली. तो आला नाही. तांबटाचा ठोका आठवून बघितला, तर त्याची लय काही केल्या सापडेना. पाठीला वाळकी साल टोचत होती.

बराच वेळ बसले. गल्लीत अजून एकाही घरात दिवा लागला नव्हता, कोणाचा गॅस पेटला नव्हता. तरी हिंगाचा वास येत होता.