सॅलमँडरची चार दिवसांची सोय

पुण्यात शिकणाऱ्या मुलीने हौसेने एक सॅलमँडर आणला आणि होस्टेलमध्ये चालत नाही म्हणून गावी, किकवीला, माझ्या गळ्यात बांधला. दिसायला पालीसारखा, जात बेडकाची, कातडी कायम ओली. उकाडा अजिबात सोसत नाही. त्याच्या काचेच्या पेटीत ओली माती, शेवाळ आणि झाकणावर छोटा पंखा. मे महिन्यात मी घामाने निथळायचो आणि हे साहेब गारव्यात लोळायचे.

लग्नासाठी चार दिवस कोल्हापूरला जायचं ठरलं, तेव्हा पेटी घरातच ठेवून तिची देखभाल आणि घराची किल्ली शेजारच्या आक्कांवर सोपवण्यावाचून इलाज नव्हता. आक्का म्हणजे पाल दिसली तरी पदर सावरत अंगणात येणाऱ्या. मी पडलो निवृत्त मास्तर. समोरचा ढ आहे असं धरल्याशिवाय मला शिकवताच येत नाही. दोन पानं सूचना लिहून भिंतीला चिकटवल्या. रोज दोनदा पाणी फवारणे. गांडूळ चिमट्यानेच देणे. दुपारी फ्रीजरमधली बर्फाची बाटली झाकणावर ठेवणे. याखेरीज घरातल्या कशालाही हात लावू नये. मग त्यांच्याकडून सगळं मोठ्याने वाचूनही घेतलं.

चौथ्या दिवशी दुपारी परतलो तर दिवा लागेना. मेन स्विच खाली होता. गावाला जाताना गॅस बंद, मेन बंद, कुलूप, ही माझी तीस वर्षांची सवय. मीच तो ओढून गेलो होतो. चार दिवस पंखा बंद, फ्रीज बंद, बर्फाच्या बाटल्यांत कोमट पाणी. आणि पेटी जागेवर नव्हती. मेला आणि आक्कांनी पुरलासुद्धा, असं मी धरून चाललो. लाज वाटते सांगायला, पण शेजारी पोचेपर्यंत मी मुलीला सांगण्यासाठी आक्कांना दोष देणारी वाक्यं जुळवत होतो.

आक्कांच्या स्वयंपाकघरात, माठाखालच्या ओल्या वाळूवर पेटी होती. वर भिजवलेलं गोणपाट. आत सॅलमँडर निवांत गांडूळ गिळत होता.

"मेन स्विच तेवढा वर करायचा होता," मी म्हणालो. एवढं होऊनही आतला मास्तर गप्प बसेना.

"तुमीच पाडून गेला हुता. शिकल्यालं मानूस, कायतरी कारन असंल म्हनलं. आन् हात लावायचा न्हवता ना कशाला. इचारायला फोन केला तीनदा, तुमी उचलला न्हाई."

ते फोन मी पाहिले होते. काहीतरी बाळबोध शंका असेल म्हणून वाजू दिले होते.

मी पेटी उचलायला वाकलो.

"आत्ता नगा नेऊ," आक्का गोणपाटावर पाणी शिंपडत म्हणाल्या. "चार दिस बंद घर, भट्टी झाली असंल. मरंल त्यो. आदी खिडक्या उघडा, उनं उतरू द्या, मग या."

मी मान खाली घालून खिडक्या उघडायला गेलो.