उगाळून द्यायची कळलावी

कळलावी मी कुंपणावर लावली ती फुलांसाठी. चौक गावामागच्या डोंगराखाली रान साफ करताना तिचा कंद निघाला होता, नांगरासारखा बाकदार. पावसात वेल तारेवर चढली. पानाचं टोकच वळून तार धरतं, बांधावं लागत नाही. फूल खाली पिवळं, वर लाल, पाकळ्या उलट्या वळलेल्या. सासूबाईंना ते मुळीच खपलं नाही. नावातच कळ लावणं आहे, दारात लावली की घरात भांडणं होतात, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात भांडणाला वेलीची गरज कधीच पडली नव्हती, पण हे मी मनातच ठेवलं.

नावाचा दुसरा अर्थही त्यांनीच सांगितला. अडलेल्या बाईच्या बेंबीभोवती कंदाचा लेप लावायचा, म्हणजे कळा सुरू होतात. मूल बाहेर आलं की लगेच पुसायचा. पोटात मात्र कणभरही जाऊ द्यायचा नाही, जीव जातो. मी ऐकून घेतलं. आता बाळंतपणं दवाखान्यात होतात, कंद उकरायला कोण येणार, असं मला वाटलं.

त्या श्रावणात शेजारच्या वहिनींची मुलगी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. दिलेली तारीख उलटली. डॉक्टरांनी तपासून थोडं थांबू म्हटलं होतं, पण वहिनींना धीर धरवेना. मी खालापूरला ऑफिसात असताना त्या आमच्याकडे आल्या आणि सासूबाईंनी कंद उकरून दिला. ज्या वेलीवरून मला टोमणे, तिचाच. वर एवढंच सांगितलं, "उगाळून दे गं पोरीला."

आमच्याकडे सहाणेवर जे उगाळतात ते चाटवायचंच असतं. जायफळ, वेखंड, हळकुंड, बाळाची सगळी गुटी. द्यायचं म्हणजे पोटात द्यायचं. सासूबाई 'लाव' म्हणाल्या असत्या तर पुढचं काहीच घडलं नसतं. लेप तेवढा सगळ्यांना ठाऊक असतोच, अशी त्यांची समजूत.

संध्याकाळी त्यांनी मला हे मोठ्या कौतुकानं, अगदी शब्दाला शब्द सांगितलं. मी चप्पलसुद्धा न काढता शेजारी पळाले. मुलीच्या हातात मध घातलेली वाटी होती. ती मी हिसकावून घेतली. तिनं अजून तोंडाला लावली नव्हती. वहिनी मात्र भिंतीला टेकून घाम पुसत होत्या, त्यांच्या घशाची आग होत होती. कडू असेल तर पोर घेणार नाही, म्हणून त्यांनी दुपारी चाटून बघितलं होतं. मध घातल्यावर परत एकदा.

दोघींना रिक्षात घालून कर्जतला नेलं. मला सासूबाईंचा भयंकर राग आला होता, आणि त्यांना धड दोषही देता येत नव्हता, त्याचा जास्त.

दुसऱ्या दिवशी मुलीला आपसूक कळा आल्या आणि ती सुखरूप बाळंत झाली. मी वहिनींच्या वॉर्डात सांगायला गेले. त्या वाचतील असं डॉक्टर म्हणाले होते, पण उलट्यांनी चेहरा ओळखू येत नव्हता. नात झाली, दोघी बऱ्या आहेत, असं मी सांगितलं. ते त्यांच्यापर्यंत पोचलंच नाही. रिक्षात सगळ्या वाटेनं जे विचारत होत्या तेच त्यांनी माझा हात धरून पुन्हा विचारलं, "माज्या पोरीनं नाय ना चाटलं गं?"