झाऱ्याचं अर्धं तिकीट

अकोल्याहून अमरावतीला येताना बसमध्ये शेजारी लग्नांचा स्वयंपाक करणारा एक म्हातारा आचारी बसला. त्याचा झारा एवढा लांब, की कंडक्टरनं झाऱ्याचंही अर्धं तिकीट फाडलं!

मी मात्र घामाघूम. नांदगाव पेठेतल्या आमच्या कापड कारखान्याचे कॉम्प्युटर मी सांभाळतो, आणि मालकाला उतरल्याबरोबर सांगायचं होतं: कोणत्याही कंपनीच्या क्लाउडवर, म्हणजे भाड्याच्या कॉम्प्युटरांवर, चालणारी साधनं घ्यायची, की कारखान्यातला आपला सर्व्हर आणि क्लाउड एकत्र सांभाळणारी व्यवस्था? चुकलो तर नोकरी गेली.

आचारी झारा गुडघ्यांत धरून, दोन्ही कानांना फोन लावून दोन लग्नं रांधत होता. "मूर्तिजापूर, बुंदी काढ! बडनेरा, वांगे हालव!" फोनमधून फोडणीचा वास अख्ख्या बसभर!

मी त्याला माझं दुखणं सांगितलं. "भाऊ," तो म्हणाला, "रोज मांडव बदलनार असन, तर कुठंबी चालनारा झारा घे. दोन्ही मांडव कायमचे असतीन, तर दोन्हीकडं पाहनारा मानूस पायजे. तुये मांडव हालनार हायेत काय?"

आमचं क्लाउडवरचं काम एकाच कंपनीकडं कायमचं होतं, आणि सर्व्हर तर मालकानं नारळ फोडून बसवलेला. तो कुठला हलतो!

"दोन्ही एकत्र सांभाळू," उतरल्यावर मी मालकाला सांगितलं. मालक खूश. "कोन्या कन्सल्टंटले इचारलं बे?"

"नाव पुसाचं राहिलं, साहेब. पन त्याच्या झाऱ्याले अर्धं तिकीट लागते."