पाला म्हणजे काय औषध आहे?

तुमच्या आजोबांना मी एकदा अगदी वेळेवर, वेळापत्रक पाळून आडवं केलं होतं.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता आणि पावसाने पाठ फिरवली होती. कलेक्टर आले, त्यांची गाडी आली, कचेरीवर नवी पाटी आली. नळाला पाणी तेवढं आलं नाही! आजोबा त्या नव्या कचेरीत अव्वल कारकून झाले. बढतीबरोबर त्यांना साखरही मिळाली. (रेशनची नव्हे, रक्तातली.)

आमच्याच गल्लीतल्या डॉक्टरांनी गोळी सुरू केली. मी शाळेत इंग्रजी शिकवत असे, त्यामुळे घरात कुठलीही गोष्ट तासाच्या घंटेशिवाय होत नसे. आधी गोळी, मग नाश्ता, मग कचेरी. आजोबा म्हणत, "मला नवऱ्याची नोकरी लागली आहे, आणि साहेब फार कडक आहे."

तेवढ्यात उदगीरहून माझे धाकटे दीर आले. धान्याचे व्यापारी. हातात पिशवी, पिशवीत वाळलेली पानं.

"वहिनी, गुडमार हाय ही. गुळाला मारती, तर साखरेचं काय घेऊन बसलात!"

"अहो भाऊजी, पण गोळी चालू आहे."

"असू द्या की. गोळी वरून मारंल, पाला खालून मारंल. साखर जाती कुठं?"

"काही अपाय?"

"झाडाचा पाला हाय वहिनी, बंदुकीची गोळी न्हाई! शेळ्या खात्यात."

या शास्त्रीय पुराव्यापुढे माझ्या सगळ्या इंग्रजी शिक्षणाने मान तुकवली. गोळीनंतर पाला, दहाच्या ठोक्याला पुन्हा पाला, असा नवा तास मी लावून दिला. त्याच आठवड्यात डॉक्टरांनी विचारलं, "दुसरं काही औषध घेता का?"

"छे!" आम्ही दोघं एका सुरात म्हणालो. खोटं नव्हतं ते. औषध बाटलीत असतं, पाला पिशवीत असतो!

मग एका रविवारी सकाळी टँकर आला. आजोबांनी गोळी घेतली, पाला चावला आणि भाकरी तशीच टाकून हंडे घेऊन रांगेत पळाले. रांग हलेना. दहा वाजले. दुसरी एखादी बाई नवऱ्याला भाकरी घेऊन गेली असती. मी पाला घेऊन गेले! भाकरीची वेळ टळली होती, पाल्याची झाली होती.

तो त्यांना चावायला लावून मी घरी परतले, तर थोड्याच वेळात शेजारच्या रुक्माबाई धावत आल्या. "मास्तरीणबाई, चला लौकर! तुमचे मालक हंड्याला नमस्कार करायलेत!"

खरंच करत होते. घामाने निथळलेले, हात थरथरणारे, आणि रिकाम्या हंड्यापुढे वाकून म्हणत होते, "साहेब, अर्ज पुढं पाठवलाय."

"सकाळी सकाळी घेतली वाटतं," मागून कोणीतरी म्हणालं.

"काय बी बोलतो! ऊन लागलंय त्यास्नी," रुक्माबाई कडाडल्या आणि त्यांच्या डोक्यावर कांदा चोळू लागल्या. कोणी कैरीचं पन्हं आणलं. पेला ओठाला लागणार, तोच मी झडप घालून हिसकावला. "गूळ आहे यात! यांना साखर आहे!"

(इतकी चपळाई मी आयुष्यात पुन्हा केली नाही. तेव्हाही करायला नको होती.)

आजोबा हंड्याला टेकून खाली बसले. डोळे मिटू लागले, चेहरा चुन्यासारखा झाला. कोणीतरी डॉक्टरांना ओढत आणलं. त्यांनी नाडी पाहिली, घाम पाहिला आणि ओरडले, "यांना साखर नाहीये!"

"नाही कशी? तुम्हीच तर सांगितली!" मी म्हणाले.

"अहो, रक्तात उरली नाहीये! साखर आणा आधी!"

"डागदर, मारता का मानसाला?" रुक्माबाई आडव्या आल्या. "त्यास्नी साखर हाय!"

"बाई, बाजूला व्हा!"

आजोबांना गिळता येतंय हे बघून डॉक्टरांनी साखर भरवायला घेतली. आजोबांनी तोंड वेडंवाकडं केलं. "माती कशाला चारता?"

पाल्याने जिभेवरची गोडीच मारली होती! शिव्या देत, माती समजून, त्यांनी ती अर्धी वाटी साखर संपवली. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला. हंडा हंडा दिसू लागला. पहिला प्रश्न त्यांनी मला विचारला, "आपला नंबर गेला का गं?"

डॉक्टरांनी कपाळावरचा घाम पुसला. "काय घेतलं होतं यांनी?"

"गोळी. आणि पाला."

"दुसरं औषध घेता का, असं विचारलं होतं ना मी?"

"पाला म्हणजे काय औषध आहे?" मी, आजोबा आणि रुक्माबाई.

"औषध नाही, तर मग खाता कशाला?" डॉक्टर म्हणाले. "गोळी साखर पाडते, पालाही पाडतो. दोघांनी मिळून माणूस पाडला. अहो, शेळीसुद्धा पाला हुंगून खाते; तुम्ही तर पदवीधर!"

दिरांना मी कळवलं. ते म्हणाले, "बघा, गुण आला की न्हाई!"

आता तुम्ही तिकडे सातासमुद्रापार आणि मी इथे. तुमच्यातली डॉक्टरीणबाई दर रविवारी फोनवर विचारते, "आजी, रक्त पातळ करायच्या गोळीसोबत दुसरं काही घेत नाहीस ना?" मी ठणकावून सांगते, "छे!"

हे लिहिता लिहिता मात्र घड्याळात सात वाजले आणि हात आपोआप वाटीकडे गेला. वाटीत सोललेल्या लसणीच्या पाकळ्या. उपाशीपोटी घ्यायच्या. रुक्माबाईंच्या सुनेने सांगितलंय, रक्त छान पातळ राहतं.

डॉक्टरीणबाई, फोन करू नकोस गं. लसूण म्हणजे काय औषध आहे?