कबुलीशिवाय झाकण नाही

नाना बिघडलेल्या रेडिओचा आधी वास घेत. गिऱ्हाइकाने रेडिओ टेबलावर ठेवला की ते चष्मा कपाळावर सरकवीत, पाठीमागच्या जाळीला नाक टेकवीत, डोळे मिटून एक लांब श्वास घेत आणि मग त्या माणसाकडे अशा नजरेने बघत की गरीब बिचारा आपण होऊन खिसे चाचपायला लागे. महाडच्या बाजारपेठेत त्यांना फौजदार म्हणत. पोलीस खात्याशी त्यांचा संबंध एवढाच, की ठाण्यातला रेडिओही त्यांच्याकडेच दुरुस्तीला येई. पण जबानी घ्यावी तर नानांनीच.

त्यांचा नियम होता, कबुलीशिवाय झाकण उघडायचं नाही. वस्तू कशी बिघडली हे मालकाने चार माणसांत, मोठ्याने, स्वतःच्या तोंडाने सांगायचं, तेव्हा कुठे पेचकस हातात घ्यायचा. "महाडात वस्तू दोनच गोष्टींनी बिघडते, मास्तर," असं ते मला म्हणत. मी हायस्कुलात ड्रॉइंग शिकवत असे आणि शाळा सुटल्यावर त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर जाऊन बसत असे. "एक पुराचं पाणी आणि दुसरं मालकाचं खोटं. पाणी आठवड्यात सुकतं."

या नियमामागे एक कारण होतं. ऐन तारुण्यात एका इनामदाराने पुरात भिजलेला मोठा रेडिओ "कोरडा आहे रे" असं सांगून त्यांच्यापुढे ठेवला होता. नानांनी विश्वासाने हात घातला आणि असा झटका बसला की डाव्या हाताची दोन बोटं कायमची वाळून गेली. ती बोटं ते टेबलावर ठेवत आणि नवीन गिऱ्हाइकाला म्हणत, "ही खोट्याची किंमत. आता बोल."

एकदा दासगावचा एक मनुष्य ट्रान्झिस्टर घेऊन आला. म्हणाला, "फळीवरनं पडला, दुसरं काय नाय." नानांनी वास घेतला. "फळी कुठे होती? होडीत?" माणूस हसला. नाना हसले नाहीत. "हे खाडीचं पाणी आहे आणि याला बोंबलाचा वास येतोय. रेडिओ मासे धरायला नेला होतास?" बाजूच्या दुकानांतली माणसं जमली. शेवटी त्याने मान खाली घातली. "होय नाना. रात्री होडीत करमत नाय म्हणून नेलता." मग नानांनी तो असा दुरुस्त केला की पुढची कितीतरी वर्षं तो दासगावच्या खाडीत गात होता.

इथवर सगळे हसत. पण नानांना कुठे थांबावं हे कळत नसे. एका कारकुनाचा टेपरेकॉर्डर आला, कोपरा चेचलेला. तो म्हणत होता, मुलाच्या हातून पडला. नानांनी कोपऱ्यावरून बोट फिरवलं, "हा पडलेला नाही, फेकलेला आहे," म्हणाले आणि त्याच्या बायकोला दुकानात बोलावणं धाडलं. ती बाई आली. अंगणात चार बायकांत बसली होती, तशीच डोक्यावर पदर घेऊन. नानांनी भर बाजारात विचारलं, "कुणावर फेकला हो यांनी?" तिने कानामागची जखम पदराने झाकली. कारकुनाने सगळं कबूल केलं. टेपरेकॉर्डर दुरुस्त झाला. त्या घरात त्यानंतर काय झालं असेल याचा विचार नानांनी केला नाही. मी तसं म्हणालो तर मला उत्तर मिळालं, "तुम्ही ड्रॉइंग मास्तर. तुम्ही केळी काढा."

घरातही तोच कायदा. दुकानाच्या मागेच बिऱ्हाड होतं. बायको केव्हाच वारली होती, मुलगा एसटीत कंडक्टर, त्यामुळे दिवसभर घरात सून, सुमन. कप फुटला, दूध उतू गेलं की नाना टेबलावरूनच ओरडत, "कुणी केलं?" घरात दुसरं माणूस नव्हतं, तरी विचारत. "कबूल कर, मग जेवायला बस." सुमन दारात येऊन म्हणे, "माझ्या हातून झालं, मामंजी." तेव्हा नाना समाधानाने मान हलवीत. दुधाला मांजराने तोंड लावलेलं मी एकदा स्वतः पाहिलं होतं. सुमननेही पाहिलं होतं. तिने मांजराचं नाव घेतलं नाही, कारण एकदा जबानी सुरू झाली की भात निवून जाई.

इतकं असून मी तिथे रोज का जात होतो? कारण दुरुस्त झालेला रेडिओ पहिल्यांदा गायला लागला की नाना तो पोटावर घेऊन खुर्चीत रेलत. त्या वेळी त्यांचा चेहरा पाळण्यातलं मूल झोपल्यावर बापाचा होतो तसा होई. तो चेहरा बघायला मी जात असे. मला तो माणूस आवडायचा, आजही आवडतो, आणि म्हणूनच शेवंतीची गोष्ट सांगितल्याशिवाय त्यांच्याबद्दल लिहिणं म्हणजे नुसती आरती होईल.

शेवंती कुडपणची. नवरा गेल्यावर पोलादपुरात दिराच्या घरी राहायची, म्हणजे राबायची. दीर दोन वेळा जेवायला घालायचा आणि तेवढ्याच वेळा ते बोलून दाखवायचा. तिचा भाऊ आखातात एका हॉटेलात होता. त्या उन्हाळ्यात तो सुट्टीवर येताना मायक्रोवेव्ह ओव्हन घेऊन आला. तालुक्यात तोवर कुणी ती वस्तू पाहिली नव्हती. पोलादपूरच्या स्टँडजवळ एक खोपटं बांधायचं, तिथे वीज होतीच, गणपतीला मुंबईहून चाकरमान्यांच्या गाड्या सुरू झाल्या की बटण दाबून गरम वडे आणि शिरा द्यायचा, असा बहीणभावाचा बेत. भावाने एकदा चालवून दाखवला आणि तो परत गेला. खोपटं बांधायला घेईपर्यंत ओव्हनची पेटी कुडपणला आईच्या घरी राहिली. आषाढात शेवंतीने ती खाली आणून लावली, तर काळ्या काचेत हिरव्या आकड्यांऐवजी त्यांचे तुकडे उमटले. कुठे आकड्याची नुसती टोपी, कुठे एक पाय. बटणं दाबली तरी पेटी ढिम्म.

डोक्यावर पेटी घेऊन ती एसटीने महाडला आली. नानांनी वास घेतला. नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला.

"पाण्यात होती," ते म्हणाले.

"नाय ओ नाना. पान्यात कशी जाईल?"

"ओल आहे आत. पुराची ओल. कबूल कर."

"नाना, कुडपण डोंगरावर हाय. तिथं पूर आला तर महाड काय ऱ्हाईल काय?" माणसं हसली. नाना लाल झाले. ती आपली समजावून सांगत राहिली, "आमच्याकडं पावसात धुकं घरात येतं. दार लावलं तरी येतं. मीठ इरघळतं, भांडी पुसली तरी ओली. त्यानंच झालं असंल. जरा उबेला ठेवलीत तर..."

"धुक्याने पेटी बिघडते?" नाना म्हणाले. "तू मला शिकवणार?"

महाडकराला पाणी एकाच दिशेने ठाऊक, खालून. नदी चढते, उंबरा ओलांडते, भिंतीवर रेघ ठेवून जाते. घरात शिरणारा ढग नानांनी कधी पाहिला नव्हता. शिवाय आणखी एक गोष्ट होती आणि ती मला त्या दिवशी त्यांच्या हातांकडे बघून कळली. एरवी कबुली मिळायच्या आधीच त्यांची बोटं पेचकसाशी खेळायला लागत. त्या दिवशी हात मांडीवरून हलले नाहीत. नानांना ती पेटी दुरुस्त करता येत नव्हती. आत काय असेल याची त्यांना भीती वाटत होती आणि ती भीती त्या बाईच्या खोट्यामागे लपवणं सोयीचं होतं.

दुकानात सगळ्यात खालची फळी होती, तिला ते कोठडी म्हणत. कबुली न दिलेल्यांच्या वस्तू तिथे. ओव्हन कोठडीत गेला. शेवंती दर बाजाराला यायची, दारात उभी राहायची. "नाना, गणपती जवळ आलं. खोपटं बांधून झालं. दीर बोलतो, आता भायेरच ऱ्हा." नाना विचारत, "पाण्यात होती का?" ती म्हणे, "नव्हती ओ. देवाशपथ नव्हती." आणि परतीची एसटी धरायची. मी एकदा म्हणालो, "नाना, नुसती उन्हात तरी ठेवा." त्यांनी केळ्यांची आठवण करून दिली.

श्रावणात सावित्री नदी चढली. आम्हा महाडकरांना त्याची सवय; भरदुपारी दुकानं माळ्यावर जायला लागली. मी नानांच्या मदतीला धावलो. टेबलावरचे रेडिओ, घड्याळं, पंखे, एकेक करून सुमनच्या हातात वर दिले. पाणी पोटरीला लागलं तेव्हा मी कोठडीतल्या ओव्हनला हात घातला.

"ते राहू द्या," नाना म्हणाले. "आधी कबूल झालेल्यांचं."

मी तरी ओढला. तो जड होता, फळीत अडकला होता, आणि नानांनी माझ्या हातात दुसराच रेडिओ कोंबला. तो वर देऊन वळलो तोवर खालची फळी दिसेनाशी झाली होती.

पूर ओसरल्यावर सगळा बाजार फावड्याने चिखल ओढत होता, तेव्हा शेवंती आली. ओव्हन दारात ठेवला होता. काचेच्या आत तांबडा गाळ थापलेला. ती बघत राहिली. मला वाटलं आता नाना काहीतरी बोलतील. चूक झाली म्हणणं जमलं नाही तर निदान गप्प बसतील. नाना उठले, वाकले, पेटीला नाक लावलं आणि चार माणसांत म्हणाले, "बघ. गाळ. मी काय म्हणत होतो?"

फावडी थांबली. कुणी हसलं नाही. शेवंतीने मागच्या भिंतीकडे पाहिलं. कोठडीच्या कितीतरी वर ओली रेघ होती, ती सगळ्यांना दिसत होती. मग तिने पदर खोचला आणि शाळेत कविता म्हणावी तशा मोठ्या, सपाट आवाजात म्हणाली, "होय नाना. पान्यात होती. मीच पान्यात घातली. माझीच चूक. आता उघडा."

नानांनी पेचकस घेतला.

त्यांनी ती पेटी धुतली, पुसली, दिव्याच्या उबेला ठेवली, खरोखर जीव तोडून मेहनत केली. लावली तेव्हा काचेत सगळे आकडे एकदम पेटले, आठावर आठ, लख्ख, आणि फट् करून विझले ते कायमचे. शेवंतीने पेटी डोक्यावर घेतली आणि गेली. गणपतीत गाड्या आल्या आणि गेल्या. तिचं खोपटं दुसऱ्याने घेतलं, ती दिराच्या घरी भांड्यांना परत लागली. ओव्हन कुडपणला आईकडे आहे असं पुढे ऐकलं. त्यात पापड ठेवतात, उंदीर शिरत नाही.

नाना बदलले असं लिहायला मला आवडलं असतं. ते बदलले नाहीत. जबान्या उलट वाढल्या, आवाजही वाढला. फक्त वास घेणं सुटलं. सर्दी असते म्हणत.

दोन-तीन वर्षांत त्यांच्या अंगावरून वारं गेलं. कमरेखाली काही उरलं नाही. पावसाळ्यात पुराच्या भीतीने त्यांना माळ्यावर ठेवत, जिथे एके काळी कबूल झालेले रेडिओ जायचे तिथेच खाट. मी भेटायला गेलो त्या दिवशी मुसळधार लागली होती. सुमन जिना चढून आली, चादरीला हात लावला आणि थांबली.

"परत?" ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता. "आधी कबूल करा, मामंजी. मग चादर बदलते."

मी वर पाहिलं. खाटेवरचं कौल तडकलं होतं आणि तिथून थेंब थेंब पडत होता. मी बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात नानांनी चांगल्या हाताने माझं मनगट दाबलं. त्यांच्या हातात अजून बरीच ताकद होती. दुसऱ्या हाताच्या त्या वाळक्या बोटांनी त्यांनी चादरीचं टोक नाकाशी नेलं आणि डोळे मिटून एक लांब श्वास घेतला.

"कौलाचं आहे," मला एकट्याला ऐकू येईल असं ते म्हणाले. आणि मग मोठ्याने, सपाट आवाजात, "होय गो. माझ्याकडूनच झालं. माझीच चूक. आता बदल."

"ऐकलंत ना, मास्तर?" सुमन म्हणाली आणि कोरडी चादर आणायला खाली गेली. मी पुन्हा वर बोट दाखवलं. नानांनी नुसती मान हलवली. "कबूल केलं की चादर मिळते," ते म्हणाले. "वाद घातला की ओल्यात पडावं लागतं. तिचं काही चुकत नाही."

त्याच पावसात नाना गेले. तेरावं झाल्यावर खाट उतरवायला माणूस हवा होता म्हणून मी गेलो. खाट हलवली. खाली फळ्यांवर पाण्याचं थारोळं होतं, आणि आमच्या देखतच त्यात वरून एक थेंब पडला. सुमनने तडकलेल्या कौलाकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती खाली गेली, स्वयंपाकघरातून एक पातेलं आणलं आणि जिथे नाना झोपत असत तिथे थेंबाखाली ठेवलं.