हाजींची तलवार आणि माझी लिंबं

खंडेनवमी शुक्रवारी आली की मला फार बरं वाटतं. कुवेतमध्ये शुक्रवारची सुट्टी, त्यामुळे पूजा उरकायची घाई नसते आणि नवरा घरात असल्यामुळे त्याला कामालाही लावता येतं. त्या वर्षी मी सकाळपासून हवल्लीतल्या आमच्या फ्लॅटच्या स्वयंपाकघरात विळी, सुऱ्या, कात्री, खवणी असं सगळं मांडून बसले होते. माझ्या माहेरी साताऱ्याला या दिवशी शस्त्रं पुजायचे. आमची शस्त्रं म्हणजे हीच. त्यात नवऱ्याची भर म्हणून पाइपची जाडी मोजायचं यंत्र आणि एक भिंग. तो मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत इन्स्पेक्शनला आहे. कुठला पाइप गंजला, कशाने गंजला आणि अजून किती टिकेल, हे बघणं त्याचं काम. गंज या विषयावर तो जेवतानासुद्धा बोलतो. मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासते, पण जेवताना त्याबद्दल अवाक्षर काढत नाही.

घरात चिंच नव्हती, म्हणून लिंबं आणली होती. अर्धं लिंबू घ्यायचं, वर मीठ टाकायचं आणि हात दुखेपर्यंत घासायचं. देवापुढे गंजकं काही ठेवायचं नाही, हे लहानपणापासून डोक्यात इतकं पक्कं बसलंय की कात्रीचा स्क्रूसुद्धा मी सोडत नाही.

दुपारची नमाज झाल्यावर बेल वाजली. दारात आमच्या इमारतीचे मालक उभे. सत्तरी ओलांडलेले, उंच, अंगात कडक इस्त्रीची पांढरी, पायघोळ दिशदाशा. सगळी इमारत त्यांना हाजी म्हणते. त्यांच्या दोन्ही हातांवर ब्लँकेटात गुंडाळलेलं काहीतरी लांबलचक होतं.

"मुहंदिस है?" त्यांनी विचारलं. मुहंदिस म्हणजे इंजिनीअर, म्हणजे माझा नवरा. तो आतून धावतच आला, हात पुसत, चेहरा लग्नातल्या करवल्यासारखा. त्यावरूनच मी ओळखलं की यांचं आधी काहीतरी ठरलंय आणि मला पत्ता नाही.

ब्लँकेट उलगडलं आणि आतून तलवार निघाली. जपानी तलवार! काळं म्यान, मुठीवर विरलेल्या दोऱ्यांची वीण, किंचित बाक असलेलं पातं. खंडेनवमीच्या दिवशी घरात तलवार येणार आणि हा माणूस मला सांगत नाही! मी रागाने त्याच्याकडे बघितलं, पण खरं सांगायचं तर माझी नजर तलवारीवरून हलत नव्हती. लहानपणी पूजेत आम्ही लाकडी तलवार ठेवायचो, वरून चंदेरी कागद चिकटवलेली.

हाजी सोफ्यावर बसले. जुन्या कुवेती माणसांना येते तशी व्यापाऱ्यांकडून आणि सिनेमांतून उचललेली हिंदी ते बोलतात. त्यांनी जे सांगितलं ते असं. त्यांचे वडील तरुणपणी दक्षिणेकडच्या किनाऱ्यावर, जपानी लोकांच्या तेलाच्या कॅम्पमध्ये ड्रायव्हर होते. तिथल्या एका जपानी इंजिनीअरशी त्यांची गाढ दोस्ती झाली. तो कायमचा मायदेशी निघाला तेव्हा त्याने स्वतःच्या आजोबांची तलवार त्यांना दिली. पुढे इराकी सैन्य घुसलं तेव्हा वडील बहरीनला अडकलेले, आणि हाजींनी ती तलवार अंगणात कोंबड्यांच्या खुराड्याखाली पुरून ठेवली. युद्ध संपल्यावर उकरून काढली तर पातं लालभडक. वडील परत यायच्या आत ती नीट व्हायला हवी म्हणून हाजींनी गॅरेजात नेऊन मशीनवर पॉलिश पेपरने घासघास घासली, आरशासारखी चकचकीत केली.

"वालिद आया, देखा, बोला माशाल्ला," हाजी म्हणाले. "फिर कभी बाहर नहीं निकाला."

मग खरी गोष्ट निघाली. त्यांचा थोरला भाऊ गेली कितीतरी वर्षं दिवाणियात, म्हणजे पुरुषमंडळींच्या बैठकीत, चारचौघांसमोर सांगत आलाय की खऱ्या जपानी तलवारीवर लाटेसारखी रेघ असते, आणि आपल्या तलवारीवर काहीच नाही, भाताच्या डावासारखी नुसती चमकते. जपान्याने आपल्या भोळ्या बापाला बाजारातलं खेळणं दिलं आणि बाप जन्मभर त्यालाच भाऊ म्हणत राहिला.

"मैं छोटा था तब लाइन था," हाजी म्हणाले. "समंदर का पानी पीछे जाता है, रेती पर छोड़ता है, वैसा. भाई बोलता है तू ने ख़्वाब देखा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "बेटी, अब मुझे भी लगता है ख़्वाब देखा."

मला एकदम त्या भावाचा असा काही राग आला की विचारू नका. मेलेल्या बापावर चारचौघांत हसायचं म्हणजे काय!

नवऱ्याने आठवडाभर मोबाइलवर बरंच वाचून ठेवलं होतं, आणि हातमोजे घालून तो कामाला लागला. आधी लोहचुंबक लावला. चिकटला. शोभेच्या पुष्कळ तलवारी हलक्या धातूच्या असतात, ही पोलादाची निघाली. पण स्वस्तातली नक्कलही पोलादाची असू शकते, त्यामुळे यावर आनंद मानायचा नाही, असं त्याने मलाच बजावलं. मग म्हणाला, खरी ओळख मुठीच्या आत असते. पात्याचं शेपूट आत शिरलेलं असतं आणि बांबूच्या एका खुंटीने अडकवलेलं असतं. नक्कल असेल तर आत बारीकशी सळई नाहीतर नटबोल्ट सापडेल.

माझा खलबत्त्याचा बत्ता आणि चिनी जेवणासोबत आलेली लाकडी काडी, एवढ्यावर ती खुंटी निघाली. मूठ हलेना. नवरा एका हाताने मूठ उभी धरून त्याच मनगटावर दुसऱ्या हाताने हळूहळू थापट्या मारत राहिला आणि हाजी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत राहिले. मूठ एकदम सैल झाली आणि सरकन हातात आली.

आत नटबोल्ट नव्हता. पात्याचंच रुंद, जाड शेपूट होतं, काळपट तपकिरी, गंजलेलं, आणि त्यावर छिन्नीने कोरलेली चार-पाच अक्षरं.

आणि मी काय केलं? हातात अर्धं लिंबू होतंच. अक्षरं नीट दिसावीत म्हणून मी पुढे झाले आणि लिंबू टेकवणार, इतक्यात नवरा असा ओरडला की शेजारच्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला.

"हात लावू नकोस! तो गंजच तर पुरावा आहे!"

आयुष्यभर गंजाच्या नावाने बोटं मोडणारा माणूस गंज वाचवायला ओरडत होता. मी लिंबू मागे घेतलं, पण अपमान काही गिळला नाही. त्याचं मात्र लक्षच नव्हतं. भिंग लावून तो बघत होता आणि पोरासारखा हसत होता. हा गंज ॲसिड ओतून आणलेला वाटत नाही, म्हणाला, सगळीकडे सारखा, घट्ट, गुळगुळीत, कित्येक वर्षं सावकाश बसत गेलेला. खाली कानशीचे तिरके ओरखडे आहेत, तेही गंजाइतकेच जुने.

"मतलब असली?" हाजी उभे राहिले होते.

नवऱ्याने भिंग खाली ठेवलं. आता हा माणूस हो म्हणेल असं मला वाटलं, पण तो इन्स्पेक्शनवाला. "हाजी, मुझे लगता है असली. लेकिन सिर्फ़ जंग देखके मैं साइन नहीं करता."

मला त्याला बत्ता मारावासा वाटला. हाजी पुन्हा खाली बसले.

मग नवरा जे बोलला ते मी जन्मात विसरणार नाही. तो म्हणाला की नकली तलवारीवरची रेघ वरवरची असते, तारेच्या ब्रशने काढलेली. घासली की गेली, परत येत नाही. पण खऱ्या तलवारीची रेघ पोलादाच्या पोटात असते. पात्याला पाणी देताना, म्हणजे तापवून एकदम पाण्यात बुडवताना, धारेकडचा भाग कडक होतो, वरचा मऊ राहतो, आणि दोन्ही जिथे भेटतात तिथे ती लाट उमटते. पॉलिश पेपरने ती झाकते, पण पुसत नाही. त्यानंतर पातं पुन्हा आगीत गेलं नसेल तर ती आत आहेच. जरासं सौम्य ॲसिड मिळालं तर दोन बोटांएवढ्या जागेवर बघता येईल. जाणकार लोक आपल्याला शिव्या घालतील, पण मशीनवर घासलेल्या पात्याचं आणखी वाईट काय व्हायचंय?

"ॲसिड रिफायनरीच्या लॅबमध्ये आहे," तो हळहळला. "आणि आज शुक्रवार."

"लिंबू चालेल?" मी विचारलं.

त्याने आधी लिंबाकडे बघितलं, मग पात्याकडे.

"मघाशी लिंबावरून खेकसलास ना? आता तेच लागणार का?"

"शेपटीला नाही गं," तो म्हणाला, "पण पात्याला... चालेल. गरम कर. पटकन."

मी रस गाळला, कढईत कोमट केला. नवऱ्याने पात्याच्या टोकाजवळची जागा भांडी घासायच्या साबणाने धुतली, पुसली, बाकीच्या पात्याला प्लास्टिक गुंडाळलं. कापसाचा बोळा मी बुडवायचा आणि त्याने एका दिशेने फिरवायचा. पहिल्यांदा काहीच नाही. दुसऱ्यांदा पातं नुसतं मळकट झालं. हाजी खिडकीकडे तोंड करून उभे राहिले होते. त्यांना बघवत नसावं. मी मनातल्या मनात देवीला म्हणत होते, आज तुझा दिवस आहे, आता तूच बघ.

नवऱ्याने पुसलं, परत लावलं, परत पुसलं. मग त्याचा हात थांबला. पाठीकडचं पोलाद काळवंडलं होतं, धारेकडचं तसंच पांढरट राहिलं होतं, आणि मधोमध एक लाट उभी होती. सरळ नाही, आखीव नाही. वर जाणारी, खाली येणारी, कुठे फेसाळलेली.

"हाजी!" मी किंचाळलेच. "हाजी, आओ, देखो, आओ!"

ते आले. चष्मा वर केला, खाली केला. नवऱ्याने पातं उजेडाकडे तिरकं धरलं. हाजींनी बोट पुढे नेलं, पण टेकवलं नाही. हवेतच ते लाटेवरून फिरवत नेलं, टोकापर्यंत.

"यही था," ते म्हणाले. "यही था." आणि ते रडायला लागले, मोठ्याने, लाज न बाळगता. मग मीही रडले. नवरा नाक पुसत आपला पातं धरून उभा.

शांत झाल्यावर हाजींनी विचारलं, "मैं ने घिसा, तो मैं ने ख़राब किया?"

"ऊपर से किया," नवरा म्हणाला. तो खोटं बोलत नाही. "लेकिन अंदर से नहीं गया."

तलवार नेमकी किती जुनी, कोणी घडवली, हे जपानचा जाणकारच सांगेल, असंही त्याने सांगितलं. हाजींना त्यात काही रस दिसला नाही. नवरा उरलेल्या पात्याचं प्लास्टिक काढायला लागला, त्याला आता सगळी लाट बघायची होती. पण हाजींनी त्याचा हात धरला.

"बस. बाक़ी नहीं," ते म्हणाले. "बाक़ी मेरा भाई करेगा. अपने हाथ से."

आम्ही ती जागा सोड्याच्या पाण्याने धुतली, कोरडी केली, तेलाचं बोट फिरवलं, मूठ बसवली, खुंटी ठोकली. तलवार ब्लँकेटात गेली. दारापर्यंत जाऊन हाजी परत वळले आणि स्वयंपाकघरातल्या माझ्या टोपलीकडे बोट दाखवत त्यांनी विचारलं की लिंबं अजून शिल्लक आहेत का.

मी सगळी पिशवीत भरून दिली. विळी त्या वर्षी न घासता तशीच पुजली.